३३५ वॅटच्या पॅनेलमधून १२ व्होल्टच्या बॅटरीला फक्त ८.४ अ‍ॅम्पिअर का मिळतात?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. कोपरखैरण्याला रो-हाऊसच्या गच्चीवर ३३५ वॅटचं, ७२ सेलचं एक पॅनेल. खाली जिन्याजवळ घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी. मध्ये ३० अ‍ॅम्पिअरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे पॅनेलच्या विजेने बॅटरी भरणारा डबा. एप्रिलच्या रणरणत्या उन्हात दुपारी साडेबाराला डिस्प्लेवर ८.४ अ‍ॅम्पिअर आणि बॅटरी १३.६ व्होल्ट. गुणाकार केला की ११४ वॅट. दुकानदार म्हणतो पॅनेल वीक आहे, बदलून घ्या. मेव्हणे म्हणतात वायर बारीक आहे, चारऐवजी दहा स्क्वेअर मिलिमीटरची टाका. आणि तुम्ही विचारताय की दोघांपैकी ऐकायचं कोणाचं.

कोणाचंच नाही. तुमचं पॅनेल ठणठणीत आहे आणि वायरही पुरेशी आहे. मी ठाण्यात वागळे इस्टेटला यूपीएस-इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम करतो, सोलार त्यातूनच मागे लागलं. ही तक्रार माझ्याकडे उन्हाळ्यात नेहमी येते, कारण मोठी पॅनेलं आता वॅटमागे स्वस्त पडतात आणि घरातली बॅटरी मात्र जुनी, १२ व्होल्टचीच असते. पॅनेलचे व्होल्ट आणि बॅटरीचे व्होल्ट यांची सांगड कोणीतरी घालावी लागते, आणि तुमच्या कंट्रोलरला ते काम येतच नाही.

पण निदानाआधी एक शंका काढून टाकू. अ‍ॅम्पिअर कमी दिसण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे बॅटरी आधीच भरलेली असणं. तुमचा इन्व्हर्टर रात्रभर महावितरणच्या विजेवर बॅटरी भरून ठेवतो, मग सकाळी सोलारला भरायला उरतं काय? कंट्रोलर मुद्दाम करंट कमी करतो आणि माणूस पॅनेलला दोष देत बसतो. १३.६ हा आकडा फसवा आहे, कारण फ्लोटवरही, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवून धरतानाही, ती तिथेच असते आणि अर्धवट भरलेली बॅटरी चार्ज होतानाही तिथून जाते. याची परीक्षा सोपी आहे : घरातला लोड इन्व्हर्टरवर टाकायचा. सोलारचे अ‍ॅम्पिअर वाढले तर कंट्रोलर हात आखडून बसला होता. तुम्ही लिहिलंय की फ्रिज आणि दोन पंखे लावले तरी आकडा ८.४ वरच राहिला आणि बॅटरीचे व्होल्ट मात्र खाली आले. म्हणजे कंट्रोलर देता येईल तेवढं सगळं देत होता. निदान इथून पुढे सुरू होतं.

आता पॅनेलच्या मागचं स्टिकर वाचा. या जातीच्या पॅनेलवर साधारण असे आकडे असतात : ओपन सर्किट (म्हणजे टोकांना काहीच जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज ४६, जास्तीत जास्त पॉवरचं व्होल्टेज ३८, त्या वेळचा करंट ८.८ आणि शॉर्ट सर्किट करंट ९.३. अडतीस गुणिले ८.८ म्हणजे ३३४. तुमचे ३३५ वॅट आले ते इथून. हे वॅट पॅनेलचे कायमचे नाहीत. पॅनेल ३८ व्होल्टच्या आसपास चाललं, सेलचं तापमान २५ अंश असलं आणि उन्हाची तीव्रता चौरस मीटरला १००० वॅट असली, तरच ते मिळतात. यातली एक जरी अट मोडली तरी आकडा बदलतो. तुमच्याकडे तिन्ही मोडल्यात. दोन ऊन मोडतं, त्याला आपला इलाज नाही. तिसरी कंट्रोलर मोडतो.

कशी, ते समजायला पॅनेलचा एक स्वभाव माहीत हवा. किती करंट निघणार हे मुख्यतः उजेड ठरवतो. व्होल्टेज किती मिळू शकतं हे एका ओळीत किती सेल जोडलेत आणि ते किती तापलेत यावर ठरतं. पॅनेलच्या दोन टोकांना तुम्ही ५ व्होल्टवर धरा, १३ वर धरा की २५ वर धरा, करंट जवळपास तेवढाच राहतो. तिशीच्या पुढे गेलं की तो उतरायला लागतो आणि ४६ च्या आसपास शून्य होतो. म्हणजे १३ व्होल्टवर ८.४ अ‍ॅम्पिअर आणि ३२ व्होल्टवर ७.९ अ‍ॅम्पिअर असा मामला आहे. करंटमध्ये फरक नगण्य, वॅटमध्ये दुपटीहून जास्त.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे शेवटी एक शहाणं बटण आहे. आत मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, ते पॅनेल थेट बॅटरीला जोडतात आणि तोडतात. बॅटरी रिकामी असेल तेव्हा बटण सतत चालू. बॅटरी १४.४ ला पोहोचली की ते सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंद होऊ लागतं आणि चालू राहण्याचा वेळ कमी करत करत करंट आवरतं. बटण चालू असताना पॅनेल आणि बॅटरी एकाच तारेवर आहेत, मग व्होल्टेज कोणाचं चालणार? बॅटरीचं. एवढी जड बॅटरी पॅनेलसाठी ३८ वर चढणार नाही, पॅनेललाच खाली १३.६ च्या जवळ यावं लागतं. तुम्हीच गच्चीवर जाऊन मल्टिमीटर पॅनेलच्या टोकांना लावून पाहा. कंट्रोलर चार्ज करत असताना तिथे ३८ दिसणार नाहीत, साधारण १४ ते साडेचौदा दिसतील. वरचा थोडा फरक तारेतला आणि कंट्रोलरमधला. मग १३.६ गुणिले ८.४ बरोबर ११४. हिशोब चोख जुळतो, आणि पॅनेल चांगलं असल्याचा याहून चांगला पुरावा नको. खराब पॅनेल असतं तर आधी करंटच पडला असता.

समजा बसच्या कंडक्टरला १४ रुपयांच्या तिकिटासाठी तुम्ही ३८ रुपये दिले आणि त्याने सुट्टे परतच दिले नाहीत, तर जे होईल ते पीडब्ल्यूएममध्ये होतं. फक्त इथे उरलेले पैसे कंडक्टरच्या खिशातही जात नाहीत. बऱ्याच जणांना वाटतं की उरलेले वॅट कंट्रोलरमध्ये जळतात. तसं असतं तर तो खोका हात लावता येणार नाही इतका तापला असता. ती वीज मुळात तयारच होत नाही. उन्हातून आलेली ऊर्जा पॅनेलमध्येच उष्णता बनून राहते.

मग ३६ सेलचं '१२ व्होल्टचं' पॅनेल पीडब्ल्यूएमवर व्यवस्थित कसं चालतं? तिथे सांगड कारखान्यातच घालून दिलेली असते. त्या पॅनेलचं पॉवरचं व्होल्टेज १८ च्या आसपास असतं. १२ च्या बॅटरीला १८ कशाला, असं लोक विचारतात. बॅटरी पूर्ण भरायला १४.४ लागतात. तारेत आणि कंट्रोलरमध्ये अर्धा-एक व्होल्ट जातो. उरलेलं ऊन खातं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा ३५ अंश असली तरी गच्चीवरच्या पॅनेलचे सेल सहज ६० च्या वर जातात, आणि दर अंशामागे हे व्होल्टेज साधारण ०.४ टक्क्यांनी घटतं. २५ वरून ६० म्हणजे ३५ अंश, म्हणजे १४ टक्के. १८ चे साडेपंधरा झाले. बॅटरीची गरज साडेचौदा-पंधरा. बरोबर बसलं. अशा पॅनेलला महागडा एमपीपीटी (पॅनेल आणि बॅटरी यांना आपापल्या व्होल्टेजवर ठेवणारा कंट्रोलर) लावला तर ठाण्याच्या उन्हाळ्यात दुपारी हातात जवळजवळ काही पडत नाही. बॅटरी बरीच उतरलेली असेल किंवा सकाळी पॅनेल गार असेल तेव्हा थोडं पडतं. हे मी एमपीपीटी विकणाऱ्यांसमोरही बोलतो आणि ते नाराज होतात.

दुकानदाराच्या सल्ल्याचं काय होतं बघा. तुम्ही पॅनेल बदलून त्याच्याकडून १६५ वॅटचं १२ व्होल्टचं घेतलंत, तर त्याचा करंटही नऊ अ‍ॅम्पिअरच्या घरातलाच असतो. बॅटरीला पुन्हा तेवढेच साडेआठ मिळतील. म्हणजे तुमचं ३३५ चं पॅनेल आत्ता १६५ च्या पॅनेलचं काम करतंय, आणि तुम्ही पैसे मोजून ते अधिकृत करून घेणार.

मेव्हण्यांच्या वायरचं गणितही मांडू, कारण एरवी त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं. चार स्क्वेअरची तांब्याची वायर, गच्चीपासून खालपर्यंत १० मीटर, जाऊन-येऊन २० मीटर. तिचा रोध साधारण ०.०९ ओहम. साडेआठ अ‍ॅम्पिअरला पाऊण व्होल्ट पडतो. ३६ सेलच्या पॅनेलला उन्हाळ्यात हा पाऊण व्होल्ट भारी पडला असता, तिथे मी स्वतः जाड वायर सुचवली असती. तुमच्याकडे मात्र पॅनेलजवळ वीस व्होल्ट फुकट शिल्लक आहेत. वायर दहाची टाका की पंचवीसची, करंट ८.४ च राहणार. पुढे एमपीपीटी लावलात तर या वायरीत सहा-सात वॅट जातील. तेवढ्यासाठी वायर उपटायचं कारण नाही.

आता एमपीपीटी. याचं पॉवरचं काम बक कन्व्हर्टर करतो. पॅनेलचा जास्त व्होल्टेजचा आणि कमी करंटचा प्रवाह मॉसफेटने सेकंदाला हजारो वेळा तोडायचा, तो तांब्याच्या कॉइलमधून सोडायचा, आणि पलीकडे कमी व्होल्टेजला जास्त करंट काढायचा. वॅट तेच, वजा तीन ते सात टक्के घट. पॅनेल आणि बॅटरी आता एका तारेवर नाहीत, दोघांना आपापल्या व्होल्टेजवर राहता येतं. मॉसफेट किती वेळ चालू ठेवायचा या प्रमाणावरून पॅनेल कुठे उभं राहील हे कंट्रोलर ठरवतो. ३२ व्होल्टवरून १३.६ वर आणायचं तर साधारण ४० ते ४५ टक्के वेळ चालू.

योग्य जागा त्याला कळते कशी? बहुतेक कंट्रोलर चाचपडत शोधतात. पॅनेल जरासं वर नेतात आणि वॅट वाढले का बघतात. वाढले तर त्याच दिशेला आणखी एक पाऊल, घटले तर मागे. हे दिवसभर चालू असतं, कारण जागा सारखी हलते. सकाळी गार पॅनेलवर ती ३६-३७ ला असते, दुपारी ३२-३३ ला येते, वाऱ्याची झुळूक आली की पुन्हा सरकते. डिस्प्लेवर पॅनेलचे व्होल्ट एक-दीडने वरखाली होताना दिसतात ते यामुळेच. एका ग्राहकाने तेवढ्यावरून कंट्रोलर खराब म्हणून परत आणला होता.

तुमच्या त्याच दुपारचा हिशोब एमपीपीटीने करून बघू. करंट ८.४ होता, म्हणजे उन्हाची तीव्रता प्रमाणित उन्हाच्या ९० टक्क्यांच्या आसपास होती. सेल ६० अंशांवर धरले तर पॉवरचं व्होल्टेज ३८ वरून ३२.७. तिथला करंट ७.९. गुणाकार २५८ वॅट. पाच टक्के घट काढली तर २४५. भागिले १३.६ म्हणजे १८ अ‍ॅम्पिअर. तुमच्या ८.४ चे १८ होतात. ३३५ वॅट तेव्हाही दिसणार नाहीत, आणि त्यासाठी मला परत प्रश्न विचारू नका! तो आकडा गार पॅनेलचा आहे. पावसाळ्यात ढग बाजूला होऊन मध्येच स्वच्छ ऊन पडलं तर काही मिनिटं ३०० च्या वर जाताना दिसेल.

म्हणजे आतापर्यंत एवढं नक्की झालं की पॅनेल चांगलं आहे, वायर चालेल आणि अडसर कंट्रोलरच्या जातीचा आहे. तो बदलायचा की नाही हे मात्र तुमच्या वापरावर आहे, आणि इथे मी डोळे मिटून 'घ्या' म्हणणार नाही. सध्याच्या सेटिंगमध्ये चांगल्या उन्हाच्या दिवशी तुम्हाला अर्धा युनिट मिळतं, एमपीपीटीने एक-सव्वा मिळेल. लाईट गेल्यावर दोन पंखे, चार एलईडी आणि वायफाय एवढंच चालवायचं असेल तर अर्ध्या युनिटमध्ये ते भागतं, आणि बॅटरी रात्री महावितरणने भरतेच. तेव्हा आहे तेच चालू द्या आणि पैसे पुढच्या बॅटरीसाठी ठेवा. पण तुम्ही लिहिलंय की दिवसा फ्रिज सोलारवर चालवायचाय आणि बिल कमी करायचंय. त्याला ११४ वॅट पुरणार नाहीत. तुमच्या बाबतीत बदलणंच योग्य. त्यासोबत इन्व्हर्टरचं विजेवरचं चार्जिंग निदान दिवसा बंद ठेवा, नाहीतर नवा कंट्रोलरही भरलेल्या बॅटरीसमोर हात बांधून बसेल. सोलारला प्राधान्य देणारा इन्व्हर्टर नसेल तर साधा टायमरही चालतो.

दुसरा एक मार्ग आहे, तो फार कोणी सांगत नाही. बॅटरी दोन करून सिरीजमध्ये २४ व्होल्ट केल्या, तर तुमचा पीडब्ल्यूएमच चांगला चालेल, अर्थात तो १२/२४ दोन्हीचा असेल तर. २४ ची बॅटरी भरायला २८.८ लागतात, आणि तुमचं ७२ सेलचं पॅनेल तापल्यावर ३२-३३ देतं. ३६ सेल आणि १२ व्होल्ट यांची जी जोडी, तीच इथे दुप्पट करून. सव्वादोनशेच्या आसपास वॅट मिळतील, एमपीपीटीपेक्षा जेमतेम आठ-दहा टक्के कमी. पण तुमचा इन्व्हर्टर १२ चा आहे, तो बदलावा लागेल. शिवाय जुन्या बॅटरीशेजारी नवी सिरीजमध्ये लावायची नाही : जुनी आधी भरल्यासारखी होते, नवी उपाशी राहते आणि वर्षभरात दोन्ही जातात. इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्ही बदलायला आले असतील तेव्हाच याचा विचार करा.

याच वळणावर ६० सेलच्या पॅनेलचा सापळा आहे. त्याचं पॉवरचं व्होल्टेज ३१ असतं. कागदावर ३१ हे २८.८ पेक्षा जास्त, म्हणून लोक ते २४ च्या बॅटरीला पीडब्ल्यूएमवर जोडतात. डिसेंबरात ठीक चालतं. मे महिन्यात पॅनेल तापून २६-२७ वर येतं आणि २८ च्या पुढे करंट आटत जातो. बॅटरी रोज अर्धवट भरते, प्लेटवर सल्फेट धरतं, आणि वर्ष-दीड वर्षात बॅटरी कंपनीच्या नावाने बोटं मोडली जातात. ऐरोली-घणसोलीकडच्या अशा दोन-तीन घरांत मी बॅटरी तपासायला गेलो आणि दोष वर गच्चीवर सापडला.

एमपीपीटी घेताना मात्र सांभाळून. बाजारात खोक्यावर एमपीपीटी छापलेले आणि आत पीडब्ल्यूएम असलेले कंट्रोलर खूप आहेत, ऑनलाइन तर विचारूच नका. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतून आलेला एक मी टेबलावर उघडला होता. बाहेर निळा डबा, मोठा रंगीत डिस्प्ले, '६० अ‍ॅम्पिअर एमपीपीटी' असं ठसठशीत. चार स्क्रू काढले तर आत तळहाताएवढं सर्किट, तीन मॉसफेट, दोन कपॅसिटर, दोन यूएसबीचे सॉकेट. कॉइल नावालाही नाही, फक्त यूएसबीसाठी हरभऱ्याएवढी एक. ३० अ‍ॅम्पिअरचा खरा एमपीपीटी उघडला की आत जाड तांब्याच्या तारेची गुंडाळी दिसते, लिंबाएवढी तरी, आणि मागे ॲल्युमिनियमचं दातेरी हीटसिंक. म्हणूनच तो हातात घेतला की जड लागतो.

दुकानात स्क्रू काढू देत नाहीत, तेव्हा स्पेसिफिकेशनचा कागद वाचा. '१२ व्होल्ट बॅटरीसाठी पॅनेल जास्तीत जास्त २५ व्होल्ट' असं काही असेल तर तो पीडब्ल्यूएमच आहे, नाव काहीही असो. खऱ्या एमपीपीटीवर ७५, १००, १५० अशी पॅनेल व्होल्टेजची मर्यादा असते. लॅमिंग्टन रोडला किंवा लोहार चाळीत घेतलात तर बिलावर मॉडेल नंबर आणि ही मर्यादा लिहून घ्या. घरी लावल्यावर पक्की खात्री होते : बॅटरी उतरलेली असताना भर उन्हात पॅनेलच्या टोकांना व्होल्ट मोजा. तिशीत असतील तर खरा, चौदात असतील तर परत करा. करंट मोजायला क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजणारा आहे ना ते आधी बघा. स्वस्तातले बहुतेक फक्त एसी मोजतात आणि डीसीच्या तारेवर शून्य दाखवतात.

साईझ निवडायला तुमच्यासाठी ३० अ‍ॅम्पिअर बरोबर आहे. ३३५ भागिले १२ म्हणजे २८. पॅनेल व्होल्टेजची मर्यादा मात्र ७५ ऐवजी १०० किंवा १५० ची घ्या, उद्या दुसरं पॅनेल लावावंसं वाटेलच. इथे पाहायचे ते ओपन सर्किटचे व्होल्ट, ३८ नाहीत, ४६. दोन सिरीजमध्ये ९२. थंडीत पहाटे पॅनेल १५ अंशांवर असेल तर तीन टक्के वाढून ९५. शंभरच्या आत बसलं, पण काठावर. आणि आजची ५४० वॅटची पॅनेलं ४९ च्या पुढे असतात, ती दोन सिरीजमध्ये शंभरच्या कंट्रोलरला लावली तर जानेवारीतल्या पहिल्या गार सकाळी त्याचे मॉसफेट जाऊ शकतात. वॅट किंवा अ‍ॅम्पिअर जास्त झाले तर चांगला कंट्रोलर स्वतःला आवरतो. व्होल्ट जास्त झाले तर त्याच्या हातात काही नसतं.

सावलीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, की दुपारी अडीचनंतर शेजारच्या टाकीची सावली पॅनेलच्या एका कडेवर येते. यात एक गंमत आहे. ७२ सेलच्या जुन्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये २४-२४ सेलचे तीन गट असतात आणि प्रत्येकाला एक बायपास डायोड. सावलीने एक गट बसला की डायोड त्याला वळसा घालतो आणि पॅनेलचं व्होल्टेज एक तृतीयांशाने उतरतं, बत्तीसचं एकवीस. तुमच्या आत्ताच्या पीडब्ल्यूएमला १४ च हवेत, त्यामुळे त्याला पत्ताही लागत नसेल, अ‍ॅम्पिअर जवळपास तेवढेच. एमपीपीटीला मात्र फरक जाणवेल, कारण तो पूर्ण ३२ वापरत होता. अडीचनंतर १८ चे १०-११ झाले तर घाबरू नका, तरीही ते आत्तापेक्षा जास्तच आहेत. जमलं तर पॅनेल दोन फूट सरकवा, तो इलाज सगळ्यात स्वस्त.

बॅटरीच्या बाजूचं सेटिंग करताना तिची चार्जिंग मर्यादा विसरू नका. १५० एएचच्या ट्यूब्युलरला दहावा हिस्सा म्हणजे १५ अ‍ॅम्पिअर हा निर्धास्त करंट. १८ ने लगेच काही बिघडत नाही, आणि फ्रिज चालू असेल तेव्हा त्यातले बरेच परस्पर तिकडे जातात, पण कंट्रोलरमध्ये मर्यादा घालायची सोय असेल तर १५-१६ ला ठेवा. प्रकार 'फ्लडेड' निवडा, चार्जिंग १४.४, फ्लोट १३.५ ते १३.६, बॅटरी कंपनीने वेगळं लिहिलं असेल तर ते. हे आकडे २५ अंशांचे आहेत. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात, म्हणजे जिन्याखाली ३७-३८ अंश असतील तर १४.४ ऐवजी १४.१. कंट्रोलरसोबत तापमानाचा सेन्सर येत असेल तर तो बॅटरीला चिकटवा, डब्यात ठेवू नका. नसेल तर मार्च ते जून हाताने कमी करा, डिस्टिल्ड वॉटर कमी लागेल. पुढे कधी लिथियम घेतलीत तर तापमानाची ही दुरुस्ती आणि इक्वलाइज (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) दोन्ही बंद करायचं.

कंट्रोलर बॅटरीजवळच लावा, वर गच्चीच्या दारापाशी नाही. तो व्होल्टेज स्वतःच्या टर्मिनलवर मोजतो, आणि मधल्या लांब तारेत पाव व्होल्ट गेला तर बॅटरी भरण्याआधीच भरली असं समजतो. कंट्रोलर ते बॅटरी या टप्प्यात १८ अ‍ॅम्पिअर वाहणार, म्हणून मेव्हण्यांची दहा स्क्वेअरची वायर इथे वापरा, मीटरभर पुरेल. बॅटरीच्या पॉझिटिव्हला लगेच ४० अ‍ॅम्पिअरचा डीसी फ्यूज घाला. आणि जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. १२/२४ आपोआप ओळखणारे बरेच कंट्रोलर सुरू होताना जे व्होल्टेज दिसेल त्यावरून निर्णय घेतात. पॅनेल आधी जोडलंत आणि त्याला ४६ दिसले तर तो तुमच्या १२ च्या बॅटरीला २४ ची समजून २८ पर्यंत न्यायला बघेल. जोडल्यावर डिस्प्लेवर १२ ची सिस्टीम दाखवतोय ना, तेवढं बघूनच पॅनेलचा एमसीबी वर करा.